सहाव्या कपाटापर्यंतची दोरी

सुखदेव, त्या दोऱ्या अध्यक्षांनी, आपल्या गुरुजींनी, काढायला लावल्या नव्हत्या. त्या मी कापल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तू घरी गेलास, मी दार आतून लावलं आणि पुस्तकबांधणीच्या कात्रीने एकेक दोरी कापत गेलो. सकाळी तू दारातच थांबून विचारलंस, "कोणं काढलं गा हे?" मी म्हणालो, "अध्यक्षांनी सांगितलं." ते तू खरं मानलंस, आणि खरं मानूनच गेलास.

तुला जाऊन महिनाही झाला नाही. वाचनालयाच्या अंकात तुझ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण तुला सगळ्यात जास्त ओळखणारा मीच, असं सगळ्यांना वाटतं. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, कोणत्या साली कुठे लागलास, हे अंकात दुसऱ्या पानावर चौकटीत येणार आहे. ते मी लिहिणार नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे. जिवंतपणी बोलायचं ते अंगणात तुझ्या खाटेजवळ बसूनही बोललो नाही, म्हणून आता बोलतो आहे.

आपण दोघं १९९९ साली आमगावच्या या वाचनालयात लागलो. मी थोडा आधी आलो म्हणून ग्रंथपाल झालो, तू थोडा उशिरा आलास म्हणून सहायक. बाकी शिक्षण एकच, नागपुरातला ग्रंथालयशास्त्राचा वर्ग एकच, खोलीसुद्धा एकच. त्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सरांना मी "मले समजलं नाही" असं म्हणालो आणि मागच्या बाकांवर हसू फुटलं, ते तुला आठवत असेल. तुझ्यावरही हसले होते. तू मागे वळून म्हणालास, "हासा बाप्पा हासा, फुकट आहे." मी मात्र त्या दिवसापासून तोंड सांभाळून बोलायला लागलो. 'मले' गेलं, 'काऊन' गेलं, 'तुमचं काय काम आहे' असं छापील बोलणं आलं. आमगावला परत आल्यावरही ते सुटलं नाही. बायको अजून म्हणते, तुम्ही घरातसुद्धा सूचनाफलकासारखे बोलता.

दर जुलैत नव्या सभासदांना वाचनालयाची ओळख करून द्यायची, हे माझं आवडतं काम होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, नुकत्याच बारावी झालेल्या मुली, एखाद-दुसरा रिटायर माणूस. त्यांना सतरंजीवर बसवून मी तासभर बोलायचो. विषयांचे क्रमांक, कार्डांचे ड्रॉवर, लेखकाच्या आडनावावरून पुस्तक कसं शोधायचं. फळा भरून जायचा. सगळे माना डोलवायचे. दुसऱ्या दिवशी तीच पोरं काउंटरवर येऊन विचारायची, "सर, ते निळ्या कव्हरचं देता का?"

एकदा भाषण संपल्यावर तू सतरंजी गुंडाळता गुंडाळता म्हणालास, "हेमू, आज कोणी झोपलं नाही गा."

मी खूश झालो.

"पंखा बंद होता ना."

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू ते लक्षातही घेतलं नाहीस. ती तुझी सवय होती. दुसऱ्याला लागेल असं बोलून तू तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायचास आणि विसरून जायचास. तुझे गुण सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणून हेही लिहितो. पुस्तकपडताळणीच्या दिवसांत तू हमखास गायब असायचास. रजिस्टरच्या कामाला तू हात लावत नव्हतास. आणि दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की तू आठवड्यातून अर्धे दिवस डोळे चोळत यायचास, कारण रात्री कुठल्या तरी गावात तू खलनायक झालेला असायचास.

एकदा नागपूरला ग्रंथपालांची कार्यशाळा होती, तिचं बोलावणं माझ्या नावाने होतं. मला जायचा कंटाळा होता, म्हणून तुला पाठवलं. तू परत आलास ते रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आणि एक नवा शब्द घेऊन. डिझाइन थिंकिंग. मी म्हणालो, "हे कोणतं नवीन खूळ?"

"खूळ नाही गा. तालीम आहे."

मग काउंटरवर कोपर टेकून तू मला समजावलंस. ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "नाटक बसवतो तवा काय करतो आपण? पहिले पाहतो, कोणतं गाव आहे, पाहाले कोण येते. मंग तालमीत खेळून पाहतो. जिथं लोक बिडी प्याले उठन असं वाटते, तो सीन कापतो. पुन्हा खेळतो. हे तसंच आहे. लोकाची अडचण काय, ते त्याच्या जागी बसून पाहायचं. मंग काहीतरी कच्चं करायचं, खरड्या-पुठ्ठ्याचं, सुतळीचं. त्यांच्यासमोर ठेवायचं. नाही जमलं, मोडायचं. आपण वाचनालयात आजवर तालीमच नाही केली गा. सीधा प्रयोग."

मी म्हणालो, "वाचनालय म्हणजे तमाशा नाही." तू म्हणालास, "नाटक आहे, तमाशा नाही. तुले फरकच नाही समजत, हे तर मले माहीत आहे."

दुसऱ्या दिवसापासून तू सायकल स्टँडजवळच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसायला लागलास. नुसता बसायचास. येणारे-जाणारे पाहायचास. काउंटरचं सगळं काम माझ्यावर. मी खिडकीतून ओरडायचो, "पगार खुर्चीचा आणि बसणं बाकावर!" तू तिथूनच ओरडायचास, "येथून दिसते गा. खुर्चीवरून नाही दिसत."

तुला दिसलं ते अगदी साधं होतं. लोक दारापर्यंत येतात आणि खाली पाहतात. चपला काढायच्या की घालूनच आत जायचं, ते त्यांना कळत नाही. बाहेर चपलांचा एक जोड नाही, पण आत फरशी पुसलेली आणि समोर चष्मा लावलेला माणूस बसलेला. काही जण काढतात, काही घालून येतात, आणि काही तिथूनच मागे वळतात. मी हसलो. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी परत जातं का?

तू हसला नाहीस. म्हणालास, "माझा बाप गेला होता ना परत. मी दहावी पास झालो तवा मले घेऊन आलता, असंच एक वाचनालय होतं. दारात उभा राह्यला, चपलीकडे पाह्यलं, मंग मले म्हणे, चाल, उद्या येऊ. तो उद्या काही आला नाही."

दुसऱ्या दिवशी दारावर तुझ्या हातची पाटी लागली. 'चपला घालूनच या.' मला ती वाचनालयाला शोभणारी वाटली नाही. पण दारातून वळणारी माणसं आत यायला लागली, हे मी खुर्चीवरूनही पाहिलं.

मग तू माझ्या प्रश्नावर आलास. कोणीही काउंटरपुढे आलं की मी विचारायचो, "कोणतं पुस्तक? लेखक कोण?" माझ्या मते याहून सरळ प्रश्न नव्हता. तू म्हणालास, "ज्याले पुस्तकाचं नाव माहीत आहे, त्याले तुझी गरजच नाही गा. ज्याले नाही माहीत, त्याले तू नावच विचारतो."

शेवंताबाई त्याच आठवड्यात आली. बाजाराचा दिवस होता, हातात रिकामी पिशवी, पदर घट्ट. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "काई नाई जी, असंच," आणि बाहेर पडली. तू बाकावरून उठलास. तुमचं बोलणं मला खिडकीतून ऐकू आलं.

"कायले आल्या होत्या बाई?"

"बकऱ्या मरून रायल्या जी. कोणी म्हणे, पुस्तकात रायते."

तू तिला परत आत आणलंस. शेळीपालनाचं पुस्तक सहाव्या कपाटात होतं. घेतल्यापासून ते कोणी नेलं नव्हतं. माझ्या फळ्यावर त्या कपाटाचा क्रमांक दरवर्षी लिहिला जायचा.

त्यानंतरचे महिने वाचनालयाचे सगळ्यात चांगले होते, हे आज मान्य करतो. कापडाच्या दुकानातून तू साड्यांचे रिकामे खोके मागून आणलेस. शेठ म्हणाला, "ले जाओ भैया, वैसे भी कचरे में ही जाते हैं." त्या पुठ्ठ्यांवर तू लोक बोलतात तसंच लिहिलंस. 'धानाले कीड लागली.' 'सातबारा समजत नाही.' 'पोराले गोष्ट सांगाची आहे.' 'बकऱ्या मरून रायल्या.' पाट्या दाराजवळ, आणि प्रत्येक पाटीपासून रंगवलेली सुतळी निघून त्या त्या कपाटापर्यंत गेलेली. पहिल्या तालमीत सुतळ्या छताजवळ होत्या. लोक वर पाहत चालायचे आणि टेबलावर आपटायचे. मग तू त्या खांद्याएवढ्या केल्यास, तर बायांचे पदर अडकायला लागले. शेवटी त्या कपाटांच्या कडेने कमरेएवढ्या उंचीवर आल्या, हात सहज पोचेल अशा. जुलैत माझं भाषणही तू बंद केलंस. नव्या सभासदांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एक अडचण द्यायचास, जा शोधा, आणि कसं सापडलं ते येऊन सांगा. सतरंजी घडीच राहिली. ती मुलं मोठमोठ्याने बोलत कपाटांमधून फिरायची आणि तू बाकावर बसून खर्रा चघळायचास.

शेवंताबाई बाजाराच्या दिवशी यायची. वाचायला ती साक्षरतेच्या वर्गात शिकली होती, ओळीखाली बोट ठेवून वाचायची. चालायचीही तशीच. हिरव्या दोरीवर बोट ठेवून दारापासून सहाव्या कपाटापर्यंत, कोणाला काही न विचारता. पुस्तक घेऊन तिथेच खाली बसायची. उठताना पुस्तकाला कपाळ लावायची आणि जागेवर ठेवायची.

आणि मी काउंटरवर बसलेला. माझ्याकडे कोणाचं काम उरलं नव्हतं. जो यायचा तो विचारायचा, "सुखदेवभाऊ कुठं आहे?" मी म्हणायचो, बाहेर आहे. लाज मला त्या पाट्यांवरच्या भाषेची वाटत होती, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरंच आहे. पण त्या प्रश्नाचा रागही होता. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तपासणी लागली. वाचनालयाचा वर्ग, म्हणजे सरकारी अनुदानाची श्रेणी, वाढायची होती. आदल्या दुपारी अध्यक्ष आले, आपले गुरुजी. रिटायर हेडमास्तर, तुला इथे घ्या म्हणून समितीत भांडलेला एकटा माणूस. तू तेव्हा चहाला गेला होतास. गुरुजींनी एकेक पाटी वाचली, हिरवी दोरी धरून स्वतः सहाव्या कपाटापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "हेमराज, उद्या साहेबाले पहिले हेच दाखवजो बरं. बाकी मंग."

मी मान डोलावली. आणि मला दिसायला लागलं की जिल्ह्याहून आलेला साहेब 'बकऱ्या मरून रायल्या' ही पाटी वाचतो आहे. कानात नागपूरच्या वर्गातलं ते हसू होतं. संध्याकाळी मी कात्री घेतली. भिंतीवर गोंदियाहून करून आणलेला फ्लेक्स लावला, 'ग्रंथालयाच्या वापराची शास्त्रीय पद्धत'. साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेही पाहिलं नाही. त्यांनी रजिस्टरं पाहिली, चहा घेतला आणि गेले. वर्ग वाढला. तो कागदांवरच वाढणार होता.

गुरुजींनी विचारलं, "दोऱ्या कुठं गेल्या गा?" मी सांगितलं, सुखदेवनेच काढल्या, साफसफाई करायची म्हणाला. ते नुसते भिंतीकडे पाहत राहिले. आणि तुला काय सांगितलं, ते वर लिहिलंच आहे. तू आरडाओरडा केला असतास तर बरं झालं असतं. तू खाली बसलास, सुतळीचे तुकडे गोळा केलेस, त्यांचा गुंडाळा केलास आणि म्हणालास, "मले वाटलं होतं, त्या माणसाले तरी समजन." त्यानंतर तू गुरुजींशी बोलला नाहीस. त्यांच्या मुलीच्या लग्नालाही गेला नाहीस. तुला वाटलं, त्यांनी पाट्या काढायला लावल्या. त्यांना वाटलं, आपण कौतुक केलेलं काम याने सहज मोडून टाकलं. मध्ये मी होतो. दोघांशी बोलत होतो, दोघांचा चहा पीत होतो.

पुढच्या बाजाराला शेवंताबाई आली. दाराशी थांबली. दोरी जिथून सुरू व्हायची तिथे हात गेला आणि तसाच राहिला. मी सवयीने विचारलं, "कोणतं पुस्तक?" ती म्हणाली, "काई नाई जी." तू आल्यावर मी सांगितलं, बाई आली होती, गेली. तू बाजारात धावत गेलास. ती सापडली नाही. ती पुन्हा आली नाही.

थोड्याच दिवसांत तुला नवेगाव बांधच्या शाळेत ग्रंथपालाची जागा मिळाली आणि तू गेलास. आपण तुटलो नाही. फोनवर भांडत राहिलो. मी म्हणायचो, अशा किती विषयांच्या दोऱ्या बांधशील? माणसाला तालिका वापरता आली पाहिजे, नाहीतर तो जन्मभर तुझ्या दोरीवर राहील. तू म्हणायचास, दोरी धरून आलेला माणूस चौथ्या खेपेला दोरी न धरता येते, मग त्याले तुझे ड्रॉवर शिकव. हे भांडण मिटलं नाही. आजही मला वाटतं की माझं थोडं बरोबर होतं. तुझ्याशिवाय हे कोणाशी भांडू? नवा सहायक सगळ्याला "हो सर" म्हणतो.

पण प्रत्येक फोनच्या शेवटी तू एकच विचारायचास, "शेवंताबाई येते काय?" आणि मी म्हणायचो, "येते कधी कधी."

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस तुझ्या घरी आलो, तेव्हा दवाखान्याने हात टेकून तुला घरी पाठवलं होतं. तलावाकडून वारा येत होता. अंगणात खाट टाकली होती. तू इतका बारीक झाला होतास की खलनायकाचं काम आता कोणी देणार नाही, असं तूच म्हणालास. मी सांगायचं ठरवून आलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. तू डोळे मिटून विचारलंस, "शेवंताबाई?"

"येते."

"मंग बकऱ्या वाचल्या असन," तू म्हणालास, आणि हसलास.

निर्मला वहिनींनी चहा आणला. मी कप घेतला. मग बसची वेळ झाली.

तुझ्यानंतर वहिनींना भेटायला आलो तो दिवस. बुद्धवंदना झाली, माणसं मांडवाखाली बसली होती. गुरुजी काठी टेकत आले. एवढ्या दूर, या वयात, कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून. माझ्याजवळ बसले. बराच वेळ तुझ्या फोटोकडे पाहून हळूच म्हणाले, "हेमराज, माझ्यावर काऊन रुसला होता गा तो? तुले तर माहीत असन."

मी म्हणालो, "माहीत नाही, गुरुजी."

तू नव्हतास, सुखदेव. आता कोणाला घाबरायचं उरलं नव्हतं. तरी मी तेच केलं.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शाळेतलं वाचनालय पाहून जा. त्यांना वाटत होतं, तुम्ही एकदा पाहावं." चावी त्यांच्याकडेच होती. दारावर तीच चपलांची पाटी. आत तशाच सुतळ्या, पण आणखी खाली, पहिलीतल्या पोराच्या हाताला येतील अशा. काही ठिकाणी गाठी होत्या. रंग उडालेले तुकडे जोडलेले होते. ते आमगावचे होते, मला ओळखता आले. मी एका सुतळीवर हात ठेवून उभा राहिलो. वहिनींनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, असंच." बोलल्यावर कळलं की हे उत्तर शेवंताबाईचं आहे.

आमगावला आल्यावर एका दुपारी मी तुझ्या बाकावर जाऊन बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिथून काउंटरमागची माझी खुर्ची दिसते. रिकामी होती, तरी रागावल्यासारखी दिसत होती. कॉलेजातली एक मुलगी दारापर्यंत आली, खाली पाहिलं, आणि गेली. चपलांची पाटीही मी दोऱ्यांबरोबरच काढली होती ना. तिला हाक मारायला मी उठलो, तोवर ती सायकलवर बसली होती.

तिथूनच गुरुजींकडे गेलो. ते भिंगातून पेपर वाचत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली.

"मी म्हटलं होतं, साहेबाले पहिले हेच दाखवजो."

"हो गुरुजी."

"अन् त्याले वाटलं, मी..."

"हो."

मी माफी मागितली. त्यांनी हाताने थांबवलं. "मी एका चांगल्या माणसाच्या मनात वाईट होऊन राह्यलो गा. तो तसाच गेला. आता तुझी माफी घेऊन मी कुठं ठेवू?" त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला, तेव्हा म्हणाले, "घे, चहा घे." आणि मी कप तोंडाला लावल्यावर म्हणाले, "ते बकऱ्याची पाटी होती, त्या बाईले सांगितलं काय तू?"

दोऱ्या मी लगेच बांधू शकलो असतो. सुतळी आणली होती. पण आधी तिच्याकडे जायला हवं होतं. बाजाराच्या दिवशी बकऱ्या विकायला येणाऱ्यांमध्ये विचारत फिरलो. तिसऱ्या-चौथ्या माणसाने गाव सांगितलं. गाडी काढून गेलो.

शेणाने सारवलेलं अंगण, पडवीत पलंग, आणि कडेला खुंट्यांना बांधलेल्या बकऱ्या. बकऱ्या आहेत, सुखदेव. तेवढं तू बरोबर बोलला होतास. अंगणाच्या तोंडाशी मी थांबलो. सारवण ओलं होतं. मी खाली पाहिलं. चपला काढाव्या की तसंच जावं, मला कळेना. कोणी सांगेल म्हणून मी उभा राहिलो.

पडवीतून आवाज आला, "घालूनच या ना जी."

केस पांढरे झाले होते, पण तीच होती. तिने मला आधी ओळखलं नाही. मी वाचनालय म्हणालो, तेव्हा तिने पदर सारखा केला आणि पलंगावरचं कांबळं झटकलं. मी तू गेल्याचं सांगितलं. ती खाली बसली. "ते दोरीवाले भाऊ?" एवढंच म्हणाली. मग बकऱ्यांकडे पाहत राहिली.

मी विचारलं, "तुम्ही पुन्हा आल्या नाहीत?"

"कशी येऊ जी." ती आपल्या तळहाताकडे पाहून बोलली. "मी तेच दोरी धरत होती ना दर बाजाराले. हाताले शेण-माती रायते आमच्या. दोरी मळली असन म्हून काढली तुम्ही, असं समजली मी. तुमची पुस्तकं साफ रायते. मंग कायले येऊ?"

इतकी वर्षं ती हे धरून होती. मी तयार केलेली सगळी वाक्यं छापील होती, त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी पलंगावरून उठून तिच्यासमोर खाली बसलो.

"नाही बाई. तुमच्या हातानं काहीच नाही झालं. दोरी मळली नव्हती. सुखदेवनं ते तुमच्यासाठीच बांधली होती, अन् मी कापली. साहेबासमोर मले आपल्या बोलीची लाज वाटली, म्हून कापली. अन् नाव गुरुजीचं सांगितलं. चुकलो जी मी. मले माफ करा."